द्रव्यशुद्धी : पूजेच्या तबकातील शिसे

देवपूजेस बसल्यावर आचमन, प्राणायाम व संकल्प झाला की आपण कलश, शंख व घंटा यांचे पूजन करतो. त्यानंतर तुळशीपत्राने अथवा फुलाने ते उदक स्वतःवर आणि पूजेच्या सर्व साहित्यावर प्रोक्षण करतो. हा विधी इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याचा अर्थ मनात येईपर्यंत हात पुढच्या उपचाराकडे वळलेले असतात. देवास जे अर्पण करावयाचे ते शुद्ध असले पाहिजे, आणि ते शुद्ध आहे की नाही हे पाहण्याचे दायित्व पूजा करणाऱ्याचे आहे, हा तो अर्थ होय. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तर द्रव्यशुद्धी या विषयास एक स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे. पात्र कोणत्या धातूचे, त्यास स्पर्श कशाचा झाला, ते कशाने शुद्ध होते, असा बारीक विचार आपल्या पूर्वसूरींनी करून ठेवला.

आमचा आजचा पाठ याच विषयाचा आहे. मात्र ज्या अशुद्धीविषयी आम्ही लिहिणार आहोत ती डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही आणि प्रोक्षणानेही जात नाही. तिचे नाव शिसे. आपल्या तबकातील शेंदूर, कुंकू व हळद या तीन मंगलद्रव्यांच्या आडून ती घरात शिरू शकते, आणि तिची पहिली झळ घरातील सर्वांत लहान बालकास लागते. म्हणून हा विषय मंदिराच्या पत्रिकेत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

१. शिसे शरीरात काय करते

शिसे हा मऊ, जड व स्वस्त धातू आहे. आपल्या रसशास्त्रकारांनी त्यास 'नाग' असे नाव दिले, आणि शोधन-मारणादी संस्कारांवाचून त्याचा औषधात उपयोग करू नये असा दंडक घातला. नाव सूचक आहे. हा नाग दंश करताना फुत्कार टाकत नाही.

मनुष्याच्या शरीरास शिशाची यत्किंचितही आवश्यकता नाही. परंतु शरीर फसते. हाडांना व मज्जातंतूंना लागणाऱ्या कॅल्शियमशी शिशाचे काही बाबतींत साम्य असल्यामुळे शरीर त्यास कॅल्शियम समजून आत घेते. मेंदूत जेथे कॅल्शियमने निरोप पोचवावयाचा तेथे शिसे जाऊन बसते, आणि निरोप चुकतो. रक्तातील लाल द्रव्य तयार होण्याच्या क्रियेतही ते अडथळा आणते व पंडुरोग उत्पन्न करते. प्रौढांमध्ये ते रक्तदाब वाढविते व मूत्रपिंडांस इजा करते. पुष्कळसे शिसे हाडांत साठून राहते आणि तेथे वर्षानुवर्षे मुक्काम करते. स्त्री गर्भवती झाली म्हणजे बाळाच्या हाडांसाठी मातेच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागते. त्याबरोबर तिच्या बालपणापासून साठलेले शिसेही निघते व गर्भापर्यंत पोचते. अशा रीतीने एका पिढीचे विष दुसरीच्या वाट्यास येते.

लहान मुलांची स्थिती अधिक नाजूक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तेवढेच शिसे पोटात गेले असता लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. ज्याच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी ते अधिकच शोषते. रांगणारे मूल जमिनीवरचे बोट तोंडात घालते, ही तर त्याची प्रकृतीच आहे. शिशाने त्याच्या बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, स्वभाव चिडचिडा होतो. शरीरातून शिसे काढण्याची औषधे आहेत, पण ती गंभीर विषबाधेत वापरावयाची असतात, आणि मेंदूची जी हानी झाली ती त्यांनी भरून निघत नाही.

किती शिसे घातक, या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलाच्या एक डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर, रक्तात ६० मायक्रोग्रॅम शिसे असेपर्यंत वैद्य चिंता करीत नसत. १९९१ मध्ये ही मर्यादा १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणण्यात आली. विज्ञान जसे सूक्ष्म झाले तसे कळून आले की ज्यास सुरक्षित म्हणावे असे शिशाचे कोणतेच प्रमाण ज्ञात नाही.

युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांपैकी एकाच्या, रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. हे शिसे अनेक वाटांनी येते. जुन्या विद्युत्घटांतील, म्हणजे मोटारींच्या बॅटऱ्यांतील, शिसे उघड्यावर वितळविणाऱ्या भट्ट्या हे त्याचे एक मोठे उगमस्थान आहे. तेथे शासनानेच हात घातला पाहिजे. पण ज्या वाटा आपल्या घरातून व देवघरातून जातात त्या बंद करणे आपल्या हाती आहे. त्यांचाच विचार येथे करू.

२. कुंकू, सिंदूर आणि शेंदूर

ही तीन नावे आपण पुष्कळदा एकाच अर्थी वापरतो, परंतु ती तीन निरनिराळी द्रव्ये आहेत.

कुंकू हे मुळात हळदीचेच रूप. हळदीवर टाकणखार, तुरटी व लिंबाचा रस यांचा संस्कार केला की पिवळा रंग पालटून तांबडा होतो. आपल्या आज्या घरी कुंकू करीत, आणि त्यांच्या बोटांस लागलेला रंग हळदीचाच असे. आज बाजारात मिळणारे स्वस्त कुंकू पुष्कळदा पांढऱ्या भुकटीस कृत्रिम रंग लावून केलेले असते. कपाळास खाज सुटणे, पुढे तेथे काळसर डाग पडणे, ही तक्रार त्वचारोगाच्या वैद्यांस परिचयाची आहे.

सिंदूर भांगात भरण्याची चाल मुख्यतः उत्तरेकडची. इंदूर, ग्वाल्हेरकडील आपल्या कुटुंबांच्या शेजारीपाजारी ती नित्य दिसते, आणि वाणाच्या देवघेवीत सिंदुराची डबी आपल्याही घरी येते. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सी प्रांतातील व भारतातील दुकानांतून सिंदुराचे ११८ नमुने घेऊन तपासले. दर पाचांपैकी सुमारे चार नमुन्यांत शिशाचा अंश सापडला. पुष्कळांत तो अल्प होता. परंतु काही थोड्या नमुन्यांत तो दहा लाख भागांत दहा हजार भागांहूनही अधिक निघाला, आणि अमेरिकेत अशा रंगद्रव्यास मर्यादा आहे ती अवघी वीस भागांची. डबीवर यांतील काहीही लिहिलेले नसते. दोन डब्या शेजारी ठेवल्या तर निर्दोष कोणती व सदोष कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आता शेंदूर. मारुतीच्या, गणपतीच्या व ग्रामदेवतांच्या मूर्तींस तेलात कालवून जो नारिंगी-तांबडा लेप देतात तो शेंदूर. याच्या बाबतीत शिसे भेसळ म्हणून येत नाही, कारण खरा शेंदूर म्हणजेच शिसे. शिसे हवेत तापवून त्याची जी तांबडी राख, म्हणजे ऑक्साइड, होते तीच ही वस्तू. जुन्या संस्कृत कोशकारांनी सिंदुरास 'नागसंभव', म्हणजे शिशापासून झालेला, असे नाव दिले आहे ते याचसाठी. तिच्या वजनाच्या शंभर भागांत सुमारे नव्वद भाग निव्वळ शिसे असते. आज शेंदूर या नावाने कधी ही पूड मिळते, तर कधी खडूची भुकटी व कृत्रिम रंग मिळतो. नाव एकच असल्यामुळे घेणाऱ्यास भेद कळत नाही.

प्रमाणाचा थोडा हिशेब करून पाहू. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारणपणे एक लिटरच्या आसपास रक्त असते. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम या मापाने त्या सर्व रक्तात मिळून सुमारे ५० मायक्रोग्रॅम शिसे होते. एक मिलिग्रॅम खऱ्या शेंदरात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही हलक्या कणात, सुमारे ९०० मायक्रोग्रॅम शिसे भरते. पोटात गेलेले सर्वच शिसे रक्तात उतरत नाही हे खरे. तथापि बोटास लागलेला शेंदूर किती सूक्ष्म असूनही किती मोठा ठरतो, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

शनिवारी सकाळी मारुतीच्या देवळात जे दृश्य दिसते ते आठवावे. रुईच्या पानांची माळ, तेलाची वाटी, मूर्तीवर चकाकणारा लेप. आजी नातवास उचलून धरते, त्याचा हात देवाच्या पायांस लावते व तेच बोट त्याच्या कपाळास टेकविते. तोवर त्याच्या दुसऱ्या हातात कोणीतरी खोबऱ्याचा तुकडा ठेवलेला असतो. तो लगेच हात बदलतो, आणि खोबरे तोंडात जाते. या साखळीत कोणाचाही दोष नाही, सर्वत्र प्रेमच आहे. म्हणूनच ती साखळी कोठे तोडावी हे शांतपणे ठरविले पाहिजे.

३. हळद पिवळीजर्द कशी झाली

हळदीची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण ती संकटाबरोबर त्याचा परिहारही सांगते. ती घडली बांगलादेशात.

तेथील खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळू लागले. आसपास ना कारखाना, ना भट्टी. मग शिसे येते कोठून? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व ढाक्यातील अतिसाररोग संशोधन केंद्राच्या संशोधकांनी याचा माग काढला. शिशाचे निरनिराळे समस्थानिक असतात व त्यांच्या परस्पर प्रमाणावरून शिशाचे मूळ ओळखता येते. स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा ठसा स्वयंपाकघरातील हळदीतील शिशाशी जुळला. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

हळकुंडे शिजवून, वाळवून, पिंपात घोळवून त्यांना झळाळी देतात हे आपणांस ठाऊक आहे. बांगलादेशातील काही गिरण्यांत हे घोळवणे चालू असता पिवळा रंग टाकीत. तो रंग होता लेड क्रोमेट, एरवी सामान रंगविण्याच्या कामी येणारा, आणि त्यात शंभर भागांत सुमारे चौसष्ट भाग शिसे. ही चाल १९८० च्या दशकात पडली असे तेथील लोकांनी सांगितले. महापुरामुळे हळद नीट वाळली नाही, काळवंडली, आणि काळवंडलेली हळद कोणी घेईना. तेव्हा कोणीतरी हा उपाय शोधला. पुढे पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस त्या झगझगीत पिवळेपणाची सवय लागली. चांगली, स्वच्छ वाळलेली हळदही मग त्यापुढे फिकी दिसू लागली.

यातील मर्म असे की विष घालणाऱ्याच्या मनात कोणास मारावयाचे नव्हते. त्यांतील पुष्कळांस त्या पुडीत शिसे आहे हेही माहीत नसावे. दुकानदारास रंग हवा होता, कारण आपणांस रंग हवा होता.

परिहारही तितकाच स्पष्ट झाला. अभ्यासाचा निष्कर्ष हाती येताच तेथील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून व बाजारांतून सूचना प्रसिद्ध केल्या, ढाक्याच्या घाऊक पेठेत जागच्या जागी तपासणी करून भेसळ करणाऱ्यांस दंड केला, आणि ती कारवाई लोकांस दिसेल अशी केली. २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिशाची भेसळ होती. २०२१ साली ती शून्यावर आली. हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही लक्षणीय उतरले. दोन वर्षांत, फारसा खर्च न होता, एका देशाच्या स्वयंपाकघरातून विष बाहेर पडले.

आपल्याकडे काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेण्यात आले. बहुतेक नमुने निर्दोष निघाले, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाटणा व पेशावर येथील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत एक हजारांहून अधिक आढळले. भारतीय कायद्याने हळदीत लेड क्रोमेट असता कामा नये. तेव्हा हळदीस भिण्याचे कारण नाही. ती आपली औषधी, आपले सौभाग्यचिन्ह व आपल्या शेतकऱ्याचे धन आहे. भय आहे ते तिच्यावर चढविलेल्या उसन्या रंगाचे.

४. भिंत, पाळणा व भांडे

हीच झळाळी घरात अन्य रूपांनीही वावरते. तेलरंग चमकदार व टिकाऊ व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची चाल जुनी आहे. आपल्या शासनाने २०१६ साली नियम करून १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असे ठरविले. मात्र कारखान्यांतील यंत्रांस व लोखंडी कामास लावावयाचे औद्योगिक रंग या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. गाड्यांच्या रंगकामातून उरलेला असा डबा कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो पाळण्यास, खेळण्यांस किंवा देव्हाऱ्यास लावू नये. जुना रंग निघू लागला असेल तर तो कोरडा घासू नये, कारण उडणारी धूळ हेच विष आहे. पृष्ठभाग ओला करून, मुलांना दूर ठेवून ते काम करावे.

गणेशमूर्तींविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. माती, नैसर्गिक रंग व विषारी रंगांचा त्याग यांवर त्यांत भर आहे. ज्या तळ्यात वा नदीत आपण देवास निरोप देतो तिचे पाणी पुढे कोणीतरी पितो, हे त्यामागील साधे सूत्र होय.

भांड्यांस कल्हई करताना शुद्ध कथील व नवसागर वापरावा, ही जुनी रीत. कथील महाग व शिसे स्वस्त, म्हणून दोहोंचे मिश्रण वापरण्याचा मोह होतो. कल्हई करून घेताना 'शुद्ध कथलाची' असे बजावून सांगावे व ओळखीच्या कल्हईवाल्याकडेच काम द्यावे. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त कढया व पातेली यांतूनही शिसे अन्नात उतरू शकते. आंबट पदार्थ, चिंच-कोकमाचे सार, अशा भांड्यांत शिजवू वा ठेवू नये. संक्रांतीस वाण देताना स्वस्त रंगीत भांडे देण्यापेक्षा एखादे पुस्तक, रोप किंवा साधी पोलादाची वाटी देणे अधिक श्रेयस्कर.

५. 'आजवर काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर

आमच्या वाचकांपैकी कोणी वडीलधारे विचारतील, "आमच्या वाडवडिलांनी जन्मभर देवास शेंदूर लावला. त्यांना काय झाले?" हा प्रश्न प्रामाणिक आहे व त्यास प्रामाणिकपणेच उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की शिशाची हानी बहुधा रोग म्हणून दिसत नाही. मूल हिंडते, फिरते, खेळते. केवळ गणित थोडे जड जाते, पाठांतर टिकत नाही. त्याची बुद्धी मुळात किती होती आणि किती राहिली, हे मोजण्यास दुसरे ते मूल कोठून आणावे? जे झालेच नाही त्याची नोंद कोणत्याही कुळाच्या इतिहासात नसते.

दुसरी गोष्ट, पूर्वजांना शेंदराचे विषत्व अगदीच अपरिचित होते असे नाही. प्रतिस्पर्ध्याने विड्यातून शेंदूर खाऊ घातला व गवयाचा गळा कायमचा गेला, अशा आख्यायिका आपल्या संगीतक्षेत्रात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतील प्रत्येक घटना खरी असेल असे नव्हे. पण शेंदूर पोटात जाऊ नये, ही जाण समाजास होती, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

तिसरी गोष्ट, लेप बदलणे अथवा काढणे हे परंपरेच्या विरुद्ध नाही. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर भगवतीच्या मूर्तीवर दीर्घकाळच्या लेपनाने शेंदराचा शेकडो किलो वजनाचा थर साचला होता. २०२२ साली तो तज्ज्ञांकडून व धार्मिक विधिपूर्वक काढण्यात आला आणि देवीचे मूळ रूप भाविकांस दिसले. भक्ती त्यामुळे उणावली नाही. दर्शनास आलेल्यांनी ते भाग्यच मानले.

आणि समाजाने मनावर घेतले म्हणजे काय होते याचे एक मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई, आणि रस्त्यावरील धुरातून ते प्रत्येकाच्या फुप्फुसात जाई. भारतात २००० सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. अल्जेरियात २०२१ साली शेवटचा साठा संपला तेव्हा जगभरातील मोटारींतून ते हद्दपार झाले. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात लहान मुलांच्या दर डेसिलिटर रक्तात सरासरी सुमारे १५ मायक्रोग्रॅम शिसे होते. आता ते एकाहूनही कमी आहे. मोटारी थांबल्या नाहीत, केवळ विष थांबले. त्याचप्रमाणे पूजा थांबवावयाची नाही.

६. कुटुंबांनी व मंदिराने काय करावे

आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. त्या कठीण नाहीत.

(१) पूजेनंतर, कुंकू लावल्यानंतर व देवदर्शनानंतर हात साबणाने धुऊन मगच प्रसाद घ्यावा. लहान मुलांचे हात मोठ्यांनी धुवावे. ज्या हाताने शेंदूर लावला त्या हाताने तीर्थ-प्रसाद वाटू नये.

(२) तान्ह्या बाळाच्या कपाळास बाजारचा सिंदूर वा शेंदूर लावू नये. चंदनाचे गंध पुरेसे आहे.

(३) कुंकू शक्य तर हळदीपासून केलेले घ्यावे. ते गडद भडक नसते व दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. हा त्याचा दोष न मानता सचोटीची खूण मानावी. सौंदर्यप्रसाधनांच्या रंगासाठी शिसे व सोमल यांची संयुगे वापरण्यास भारतीय कायद्याने मनाई आहे. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता व घटकद्रव्ये नाहीत ती घेऊ नये.

(४) हळकुंडे घेताना अतिशय चकचकीत पिवळी निवडू नयेत. एक हळकुंड पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. त्याचा पिवळा रंग तत्काळ सुटून पाण्यात उतरला तर ती हळद टाळावी. ही घरगुती परीक्षा संशय घेण्यापुरतीच आहे. निश्चिती प्रयोगशाळेतच होते.

(५) मुलांच्या आहारात नाचणी, दूध, डाळी, पालेभाज्या व तीळ असू द्यावे. पोटभर व सकस खाणाऱ्या मुलाच्या अंगी शिसे कमी लागते. मूल माती, रंगाचे पापुद्रे वगैरे खात असेल, किंवा घराजवळ विद्युत्घटांची भट्टी असेल, तर वैद्यास सांगून रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

(६) घरात संशयास्पद शेंदूर असेल तर तो नदीत, विहिरीत अथवा तुळशीवृंदावनात टाकू नये. धातू कुजत नाही, तो जेथे टाकावा तेथे राहतो. डबी घट्ट बंद करून नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावी. सांडलेली पूड कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

मंदिराच्या विश्वस्त मंडळासही आमची नम्र विनंती आहे. देवळात वापरला जाणारा शेंदूर, कुंकू व महाप्रसादाची हळद यांचे नमुने वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे व निष्कर्ष फलकावर लावावा. गाभाऱ्याबाहेर हात धुण्यास नळ व साबण असावा. शेंदराऐवजी तपासलेला शिसेविरहित लेप अथवा तेलात कालवलेला गेरू वापरण्याविषयी पुरोहितांचे मत घ्यावे. आपण विचारू लागलो की दुकानदार विचारू लागतो, आणि दुकानदार विचारू लागला की कारखानदारास उत्तर द्यावे लागते. एका कुटुंबाचा प्रश्न दुर्लक्षिला जातो. शंभर कुटुंबांचा जात नाही.

देवास झळाळीची भूक नाही. ती भूक आपल्या डोळ्यांची आहे, आणि तिच्यापायी आपण नकळत विष विकत घेतो. हळद हळदीच्याच रंगाची असावी, कुंकू हळदीचेच असावे, लेप लावणाऱ्या हाताने बालकास अपाय होऊ नये, एवढे जपले तरी स्मृतिकारांना अभिप्रेत असलेली द्रव्यशुद्धी साधली असे आम्ही समजू. पुढील पूजेच्या वेळी साहित्यावर प्रोक्षण करताना क्षणभर थांबून तबकातील प्रत्येक द्रव्याकडे पाहावे, आणि हे कशाचे केलेले आहे, असा प्रश्न मनाशी करावा. उत्तर ठाऊक नसेल तर ते शोधणे हाही पूजेचाच एक उपचार होय.

मननासाठी प्रश्न

१. कुंकू, सिंदूर व शेंदूर यांत भेद काय? आपल्या देवघरातील डब्यांत यांपैकी काय आहे, हे आपण खात्रीने सांगू शकतो काय?

२. बांगलादेशातील हळदीत शिसे येण्यास विकणारा किती कारण होता व घेणारा किती?

३. गर्भवती स्त्री व लहान मूल यांना शिशाचा अपाय अधिक का होतो?

४. येत्या हळदीकुंकवास आपण कोणती एक गोष्ट बदलणार आहोत?